रक्त पचेपर्यंत: डासाच्या पोटातील सूक्ष्मजीवांच्या अभ्यासाला प्रस्तावना

डासाच्या मादीचे पोट बाहेर काढायला फारशी साधने लागत नाहीत. काचपट्टीवर सलाईनचा एक थेंब, दोन बारीक सुया आणि विच्छेदनाचा सूक्ष्मदर्शक एवढे पुरते. एका सुईने छाती धरायची, दुसरीने पोटाचे शेवटचे दोन खंड अलगद ओढायचे. हात स्थिर असेल तर सगळी पचननलिका धाग्यासारखी थेंबात उतरते. मादी नुकतीच रक्त पिऊन आली असेल, तर त्या धाग्याच्या मधोमध एक गडद लाल मणी दिसतो, ज्वारीच्या दाण्याहूनही लहान. हिवताप पुढच्या माणसापर्यंत पोहोचणार की इथेच संपणार, याचा निकाल पुष्कळदा या मण्यात, रक्त प्याल्यापासून साधारण एका दिवसाच्या आत लागतो. पुढच्या पानांचा विषय आहे तो हा मणी, आणि त्यात आधीपासून राहणारे सूक्ष्मजीव.

हा विषय वाचकांच्या ओळखीचा असेल असे मी धरून चालत नाही. डासाशी आपली ओळख जुनी आहे, पण ती बव्हंशी त्याला हाकलण्याची किंवा मारण्याची आहे. मच्छरदाणी, संध्याकाळची धूरफवारणी, हौदात सोडलेले गप्पी मासे, आठवड्यातून एकदा पाळायचा कोरडा दिवस, पिंपात बॅटरीचा झोत टाकून अळ्या शोधणारा आरोग्यसेवक, हे सगळे आपण पाहत आलो आहोत. या सर्व उपायांमागे एकच प्रश्न असतो: डास कमी कसे करावेत? तो योग्य प्रश्न आहे आणि त्याचे महत्त्व कमी होणार नाही. पण त्याच्या शेजारी आणखी एक प्रश्न ठेवता येतो. डास आहे, तो चावतो, रोगी माणसाचे रक्तही पितो, आणि तरीही रोग पुढे जात नाही, असे कधी घडते? का घडते? ज्यांना या दुसऱ्या प्रश्नाचे कुतूहल वाटेल, त्यांच्यासाठी हे लिहिले आहे. जीवशास्त्राची पदवी त्यासाठी लागत नाही. शाळेत शिकलेले जिवाणू, विषाणू आणि परजीवी यांतला फरक आठवत असला म्हणजे झाले.

सुरुवात सिकंदराबादपासून करणे योग्य ठरेल. १८९७ च्या ऑगस्टमध्ये तिथे रोनाल्ड रॉस डासांची पोटे उघडून पाहत होते. हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रुग्णाला त्यांनी डासांकडून चावून घेतले होते, दर डासामागे एक आणा देऊन. २० ऑगस्टला ठिपकेदार पंखांच्या एका डासाच्या जठराच्या भिंतीत त्यांना हिवतापाचे काळे रंगद्रव्य असलेल्या गोल पेशी दिसल्या. परजीवी डासाच्या शरीरात वाढतो याचा तो पुरावा होता. पुढच्या वर्षी कलकत्त्यात पक्ष्यांच्या हिवतापावर काम करताना त्यांनी तो परजीवी लाळग्रंथींपर्यंत पोहोचलेला पाहिला, आणि १९०२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. २० ऑगस्ट हा आजही जागतिक डास दिन म्हणून पाळला जातो. रॉस यांची नजर जठराच्या भिंतीवर होती. त्या भिंतीच्या आतल्या बाजूला, रक्तात, जिवाणूंची मोठी वस्ती आहे आणि तिचा परजीवीच्या नशिबाशी संबंध आहे, हे लक्षात यायला जवळजवळ शंभर वर्षे लागली. याबद्दल कुणाला दोष द्यावा असे मला वाटत नाही. रॉस यांचा शोधच एवढा झळाळता होता, की त्या उजेडात बाकीचे दिसेनासे झाले.

आता त्या एका दिवसाकडे जरा सावकाश पाहू, कारण ते कळले की पुढचे सगळे आपोआप सोपे होते. मादी एका वेळी दोन-तीन मायक्रोलिटर रक्त पिते, म्हणजे एका थेंबाचा जेमतेम विसावा भाग. त्या रक्तात हिवतापाच्या परजीवीची नर आणि मादी रूपे असतील, तर ती डासाच्या पोटात शिरताच जागी होतात. माणसाच्या शरीरापेक्षा तिथे गारवा असतो. तोही त्यांना मिळणाऱ्या खुणांपैकी एक. काही मिनिटांत नर रूपातून शेपटीसारखे लांबट युग्मक बाहेर पडतात, फलन होते आणि दिवसभरात त्यातून केळ्याच्या आकाराचा, स्वतः सरकू शकणारा एक जीव तयार होतो. त्याला ऊकिनीट म्हणतात. त्याच्यापुढे एकच काम असते: रक्त पचून जाण्यापूर्वी पोटाची भिंत भेदून पलीकडे जायचे. पलीकडे पोहोचला की तो स्थिरावतो आणि त्याची पुटी होते. रॉस यांनी पाहिल्या त्या या पुटी. हवामानानुसार दहा ते चौदा दिवसांत एकेका पुटीतून हजारो सूक्ष्म, तर्कूसारखे परजीवी फुटून लाळग्रंथींकडे निघतात, आणि त्यानंतरचा दंश रोग देतो.

या प्रवासातले आकडे पाहण्यासारखे आहेत. रक्तासोबत हजारो परजीवी आत आले तरी भिंतीपर्यंत पोहोचणारे ऊकिनीट काही डझन उरतात, आणि निसर्गात पकडलेल्या बहुतेक बाधित डासांत पुटी सापडतात त्या दोन, तीन, फार तर पाच. नंतर त्याच दोन-तीन पुटींतून पुन्हा हजारोंची फौज उभी राहते. परजीवीच्या साऱ्या आयुष्यात तो इतका एकाकी दुसऱ्या कुठल्याच टप्प्यावर नसतो. खिंड म्हणजे काय आणि ती अडवली तर काय होते, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. डासाचे पोट ही हिवतापाची खिंड आहे.

आणि या खिंडीत वस्ती आहे. डासाच्या मध्यांत्रात, म्हणजे या पोटात, एंटरोबॅक्टर, सेराशिया, पँटोइया, एलिझाबेथकिंगिया, आसाया अशा अनेक कुळांतले जिवाणू राहतात. ते येतात कुठून? पुष्कळसे पाण्यातून. अळी ज्या डबक्यात वाढते तिथले जिवाणू ती गिळते; कोशातून बाहेर पडताना पोट बरेचसे रिकामे होते, पण नुकताच पंख फुटलेला डास त्याच पाण्याचा घोट घेतो आणि वस्ती पुन्हा सुरू होते. काही जिवाणू फुलांच्या मधातून येतात, कारण नर असो वा मादी, डासाचे रोजचे अन्न साखर हेच आहे. आसाया हे कूळ शास्त्राला प्रथम ठाऊक झाले ते २००० साली, इंडोनेशियात कांचन आणि चित्रकाच्या फुलांतून. सात वर्षांनी इटलीतील संशोधकांनी तेच कूळ अ‍ॅनॉफिलिस स्टेफेन्सी डासाच्या पोटात मुक्कामाला असल्याचे दाखवले. फुलावरचा जीव आणि हिवतापाच्या डासातला जीव एकाच कुळाचे निघावेत, यातले सौंदर्य मला अजून जुने वाटत नाही.

रक्त आत आले की या वस्तीला सुगीचे दिवस येतात. चोवीस तासांत जिवाणूंची संख्या शंभर ते हजार पटींनी वाढते. वाचकांनी इथे थोडे थांबावे: ऊकिनीटला भिंत भेदायची असते ती नेमकी याच वेळी. ज्या घडीला परजीवी सर्वांत थोडा असतो, त्याच घडीला जिवाणू सर्वांत जास्त असतात. या क्षेत्राचा सारा इतिहास या एका योगायोगाभोवती फिरतो असे म्हटले तरी चालेल.

तो योगायोग उपकारक आहे, हे सिद्ध कसे झाले? पद्धत साधी होती. डासांना साखरपाण्यातून प्रतिजैविके द्यायची, पोटातले जिवाणू घालवायचे आणि मग परजीवीयुक्त रक्त पाजायचे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज डिमोपुलोस यांच्या गटाने २००९ मध्ये हे सविस्तर मांडले. जिवाणू गेले की डासात परजीवी अधिक जोमाने वाढतो. कारण असे, की पोटातल्या जिवाणूंमुळे डासाची प्रतिकारयंत्रणा सतत जागी असते, आणि जिवाणूंसाठी सोडलेली संरक्षक द्रव्ये परजीवीलाही भोवतात. त्यानंतर दोनच वर्षांनी त्याच गटाने झांबियातील रानडासांतून एंटरोबॅक्टरचा एक वाण वेगळा काढला. त्याला डासाच्या प्रतिकारयंत्रणेची मध्यस्थीही लागत नाही. तो स्वतःच प्राणवायूची तीव्र क्रियाशील रूपे तयार करतो आणि परजीवी भिंतीपर्यंत पोहोचण्याआधीच नष्ट होतो. एकीकडे पहारेकऱ्याला जागे ठेवणारा जिवाणू, दुसरीकडे स्वतः हत्यार उचलणारा. या दोन तऱ्हा लक्षात ठेवल्या तर पुढची बहुतेक प्रकरणे सहज उलगडतील.

मराठी वाचकाला थोडा अभिमान वाटावा अशीही एक गोष्ट या इतिहासात आहे, आणि ती फारशी सांगितली गेलेली नाही. पुण्यात गणेशखिंडीला विद्यापीठाच्या आवारात असलेल्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात योगेश शौचे आणि त्यांचे सहकारी या शतकाच्या सुरुवातीलाच डासांच्या पोटातले जिवाणू मोजत आणि ओळखत होते. त्यांनी निवडलेला डास होता क्यूलेक्स क्विंक्वेफॅसिएटस, म्हणजे गटाराच्या पाण्यात वाढणारा आणि रात्री आपल्या कानाशी गुणगुणणारा. त्याच्या मध्यांत्रातून सापडलेल्या एका जिवाणूला त्यांनी २००२ मध्ये एरोमोनास क्युलिसिकोला हे नाव दिले. क्युलिसिकोला म्हणजे डासात राहणारा. पुढे ही जात एरोमोनास व्हेरोनाय या आधीच्या जातीत सामावली गेली. वर्गीकरणाच्या शास्त्रात असे घडतच असते आणि त्याने मूळ कामाचे मोल उणावत नाही. २००४ मध्ये त्यांनी रानातून पकडलेल्या क्यूलेक्सच्या पोटातल्या जिवाणूंची अधिक मोठी नोंद प्रसिद्ध केली. तीत प्रयोगशाळेच्या बशीत वाढणारे जिवाणू होते, तसेच बशीत न वाढणारे, फक्त जनुकाच्या खुणेवरून ओळखू येणारेही होते. हा विषय जगभर गाजू लागण्याच्या कितीतरी आधीचे हे काम आहे.

पुण्यातच पुढे असा एक निष्कर्ष निघाला, जो या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याने पहिल्याच दिवशी वाचावा. २०१२ मध्ये पुणे विद्यापीठ आणि राष्ट्रीय विषाणू संस्था येथील संशोधकांनी दाखवले, की एडिस इजिप्ती डासाच्या पोटात राहणारा सेराशिया ओडोरिफेरा हा जिवाणू डेंग्यूच्या विषाणूला अडवत नाही. उलट त्याच्यामुळे डास त्या विषाणूला अधिक बळी पडतो. सात वर्षांनी चीनमधील संशोधकांनी सेराशिया मार्सेसेन्स या भाऊबंदाची युक्ती उघड केली. तो एक प्रथिन सोडतो, ते पोटाच्या भिंतीवरचा चिकट थर झिजवते आणि विषाणूची वाट मोकळी होते. आणि याच सेराशिया कुळातला, जनुकीय बदल केलेला एक वाण हिवतापाच्या परजीवीला रोखतो आणि नरमादीच्या मीलनातून व अंड्यांवाटे पुढच्या पिढ्यांत पसरतो, हे २०१७ मध्ये मार्सेलो जेकब्स-लोरेना यांच्या गटाने दाखवले होते.

म्हणून वाचकांना माझी एक विनंती आहे. ‘चांगला जिवाणू’ हा शब्दप्रयोग पुढची पाने वाचताना शक्यतो बाजूला ठेवावा. दह्यातल्या जिवाणूंमुळे तो आपल्या तोंडी रुळला आहे, पण इथे त्याने दिशाभूल होते. एखादा जिवाणू रोग अडवतो असे वाचले, की लगेच विचारावे: कोणत्या जातीच्या डासात? कोणत्या रोगजंतूला? पोटात त्याची किती संख्या असताना? प्रयोगशाळेतल्या डासात की गोठ्यात पकडलेल्या? मला स्वतःला हा विषय समजू लागला तो हे प्रश्न विचारण्याची सवय लागल्यावर. त्याआधी मी फक्त नावे पाठ करत होतो.

आपल्या औषधांचाही या वस्तीशी संबंध येतो. आपण प्रतिजैविक घेतले की ते रक्तात उतरते आणि आपल्याला चावणाऱ्या डासाच्या पोटातही जाते. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील मॅथिल्ड जाँद्रँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये असे रक्त प्यालेल्या अ‍ॅनॉफिलिसचा अभ्यास केला. त्यांच्या पोटातले जिवाणू घटले आणि परजीवीला हे डास अधिक सहज बळी पडले. रोग्याने घेतलेली गोळी डासाच्या पोटातली वस्तीही बदलू शकते, ही गोष्ट वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी आवर्जून वाचावी असे मला वाटते.

अलीकडच्या शोधांपैकी मला सर्वांत लोभस वाटणारा शोध अपघाताने लागला. स्पेनमधील त्रेस कांतोस येथे एका औषध कंपनीच्या संशोधन केंद्रात हिवतापाच्या औषधांची चाचणी घेण्यासाठी अ‍ॅनॉफिलिस डास पाळले जात. पुढे त्या डासांमध्ये परजीवी नीट वाढेनासा झाला. दुसऱ्या कुणी ते डास फेकून नवे आणले असते. इथे मात्र कुणीतरी विचारले, हे डास असे का झाले? शोध घेता घेता त्यांच्या पोटात डेल्फ्टिया त्सुरुहातेन्सिस नावाचा जिवाणू सापडला. तो हार्मेन नावाचा एक लहान रेणू बनवतो, आणि त्या रेणूमुळे परजीवीची वाढ पहिल्याच पायरीवर खुंटते. डासाच्या अंगाला नुसता हार्मेनचा स्पर्श झाला तरी तो त्वचेतून आत जातो आणि परिणाम करतो. जिवाणूमुळे डासाच्या जगण्यावर वाईट परिणाम होत नाही आणि एकदा पोटात स्थिरावला की तो डासाच्या आयुष्यभर टिकतो. जनुकीय बदल त्यात काहीच नाही. तो निसर्गातलाच आहे. जेकब्स-लोरेना यांच्या सहकार्याने झालेले हे काम २०२३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आले, आणि बुर्किना फासोमध्ये जाळीने बंदिस्त केलेल्या आवारात त्याची चाचणीही झाली. पुढच्याच वर्षी चीनच्या युन्नान प्रांतातून डेंग्यूबद्दलची बातमी आली: तिथल्या एडिस डासांत सापडलेला रोझेनबर्गिएला हा जिवाणू पोटातले वातावरण आंबट करतो, आणि त्या आंबटपणात डेंग्यू आणि झिका यांचे विषाणू टिकाव धरत नाहीत.

एक खुलासा इथेच करतो. वाचकांनी वोल्बाकिया हे नाव वर्तमानपत्रांत वाचले असेल. तो पोटातला जिवाणू म्हणता येणार नाही. तो डासाच्या पेशींच्या आत राहतो आणि आईकडून अंड्यावाटे पुढे जातो. हर्टिग आणि वोल्बाक यांनी तो १९२४ मध्ये क्यूलेक्समध्ये पाहिला होता. डेंग्यूचा एडिस इजिप्ती मात्र निसर्गतः त्यापासून मोकळा असतो. प्रयोगशाळेत एडिसमध्ये तो रुजवल्यावर त्याच्यात डेंग्यूचा विषाणू नीट वाढत नाही असे आढळले. इंडोनेशियातील योग्यकर्ता शहरात असे डास सोडून घेतलेल्या चाचणीचा निकाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला: डेंग्यूचे रुग्ण ७७ टक्क्यांनी कमी. पुदुच्चेरीतील आपल्या रोगवाहक नियंत्रण संशोधन केंद्रानेही वोल्बाकिया असलेल्या एडिसचे वाण तयार केल्याचे २०२२ मध्ये जाहीर झाले. या पुस्तकात वोल्बाकियाला एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे, कारण सूक्ष्मजीवांच्या साह्याने रोग रोखण्याची कल्पना शहराच्या गल्लीबोळांत खरी ठरल्याचा तो आजवरचा सर्वांत भक्कम दाखला आहे.

हे सगळे आताच का महत्त्वाचे, असे कुणी विचारले तर मी आपल्याच देशाच्या अनुभवाकडे बोट दाखवीन. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तेव्हा भारतात वर्षाला साडेसात कोटी रुग्ण होते असा अंदाज होता. डीडीटीच्या फवारणीने साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत ही संख्या लाखाच्या आसपास आली. १९७६ मध्ये ती पुन्हा चौसष्ट लाखांवर गेली. कारणे अनेक होती, आणि कीटकनाशकाला सरावलेले डास हे त्यांतले एक. दुसरी गोष्ट मुंबईच्या ओळखीची. घराच्या टाक्यांत आणि विहिरींत वाढणारा अ‍ॅनॉफिलिस स्टेफेन्सी हा या शहरातल्या हिवतापाचा जुना वाहक. चार्ल्स बेंटली यांनी १९११ मध्येच मुंबईच्या विहिरींकडे लक्ष वेधले होते. हाच डास २०१२ मध्ये आफ्रिकेतील जिबूतीत सापडला आणि तिथून खंडाच्या शहरांमध्ये शिरतो आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगात हिवतापाचे २६ कोटी ३० लाख रुग्ण आणि ५ लाख ९७ हजार मृत्यू झाले, त्यांतले बहुसंख्य आफ्रिकेतच. मुंबईच्या टाकीतला डास आफ्रिकेच्या शहरात जाताना पोटात कोणती वस्ती घेऊन जातो आणि तिथे कोणती नवी स्वीकारतो, हा प्रश्न आता पुस्तकी राहिलेला नाही.

प्रकरणे क्रमाने वाचलीच पाहिजेत असे नाही. ज्यांना रोगनियंत्रणात रस आहे त्यांनी वोल्बाकिया आणि डेल्फ्टियापासून सुरुवात करून मागे यावे. विद्यार्थ्यांनी मात्र प्रतिकारयंत्रणेचे प्रकरण टाळू नये. ते अवघड आहे, पण एकदा मन लावून वाचले की पुन्हा वाचावे लागत नाही. आकृत्यांकडे मजकुराइतकेच लक्ष द्यावे. आणि जमल्यास एखाद्या शिक्षकाच्या देखरेखीखाली, प्रयोगशाळेत वाढवलेल्या निरोगी डासाचे पोट एकदा तरी स्वतः काढून पाहावे. पहिली दहा तुटतील. अकरावे कदाचित अखंड येईल.

पहिले प्रकरण पाण्यापासून सुरू होते. डासाची अंडी निर्जंतुक केली आणि अळ्यांना जंतुविरहित पाणी आणि अन्न दिले, तर त्या पहिल्या अवस्थेच्या पुढे वाढतच नाहीत. पाण्यात साधा ई. कोलाय सोडला तरी त्यांची वाढ पुन्हा सुरू होते. तेव्हा हे पान उलटण्यापूर्वी, पावसाळा असेल तर, गॅलरीतल्या कुंडीखालची ताटली पाहून या. पृष्ठभागाला तिरप्या टेकून लोंबणाऱ्या अळ्या दिसतील, त्यांची तोंडे सारखी हलत असतील. प्रत्येक घासाबरोबर त्या काय गिळत आहेत ते क्षणभर आठवा, आणि मग ताटली उन्हात रिकामी करा.